केळीच्या पानांची ठेव

नैरोबी,
३ सप्टेंबर २०१९

प्रिय कागेंडो,

सप्रेम नमस्कार. मी इथे बरी आहे, गुडघे सोडले तर. तूही नान्युकीत खुशाल असशील, तुझ्या कोंबड्या आणि नातवंडं मजेत असतील. पत्ता तुझ्या भावाकडून, मुथुरीकडून मिळवला. तो फोन नंबरही देत होता, मी घेतला नाही. फोनवर मला बोलायला जमलं नसतं. अक्षर बघून तू ओळखशीलच, आपल्या दोघींना एकाच बाईंनी वळण लावलं होतं, हातावर पट्ट्या मारून.

आता बातमी ऐक! मला ती कधी एकदा लिहीन असं झालंय. आपली किओटा चाळीस वर्षांची झाली! ती शिंप्याच्या दुकानामागची खोली आठवते ना, जिथे पावसात टाईपरायटरवर छत्री धरायला लागायची? दोन शिक्षक, एक शिंपी, एक चर्चचा सेवक आणि चहाच्या कारखान्यातला वजनकाटेवाला अशा पाच जणांनी काढलेली न्कुबूतली घरबांधणी संस्था. नाव ठेवलं किओटा, घरटं, म्हणून चहामळेवाले हसायचे, ‘पिल्लं कधी उडणार?’ उडाली गं, कागेंडो! नऊ देशांत आहे आज. बँक आहे, विमा आहे, शेअर दलाली आहे, पेन्शनचा निधी आहे. गाईगुरांचा विमा तर मी सुरू केला, आणि पहिल्या वर्षी लोक मेलेल्या गाईचा कान कापून पाकिटातून पाठवायचे, पुरावा म्हणून. माझ्या टेबलाच्या आसपास कुणी फिरकायचं नाही.

कंपालाची शाखा उघडली तेव्हा मी तिथे होते. किगालीत फीत कापली तेव्हा होते. जुबात तर आंब्याच्या झाडाखाली लोखंडी कंटेनरमध्ये बँक थाटली होती. पहिल्या दिवशी एक सैनिक आला, बंदूक बाहेर ठेवू का म्हणाला, आणि खातं उघडून गेला. मी हेडऑफिसला तार करावी तसा फोन केला, ‘उघडलं! उघडलं!’ म्हणून.

आणि आता अठरा ऑक्टोबरला किओटाचे शेअर बाजारात येणार. त्या दिवशी सकाळी बाजार उघडायची घंटा कोण वाजवणार, सांग? मी! निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मुरुंगीसाहेबांनी, आमच्या आताच्या मुख्याधिकाऱ्यांनी, घरी येऊन सांगितलं. ‘तुम्ही नसतात तर घंटाच नसती,’ म्हणाले. मी नवी पिवळी साडेसात वारी शिवायला टाकलीये, म्हणजे झगाच, पण कापड तेवढं लागलं.

शिवाय समूहाचा इतिहास लिहिला जातोय, जाड पुस्तक. लिहिणारी बाई कंपालाची आहे, डॉक्टर नालुबेगा. हुशार आहे, चहात साखर घेत नाही, आणि प्रश्न विचारून गप्प बसते. माणूस आपोआप बोलत सुटतो. चौथं प्रकरण एकोणीसशे शहाऐंशीचं आहे. तो दिवस तर तुला ठाऊकच आहे, त्यावर वेगळं काय लिहू. वर्तमानपत्रातला तो फोटो छापणार आहेत, मी खिडकीत नोटा मोजतेय तो. किती बारीक होते गं मी.

फोटोच्या कडेला एक कोपर दिसतं. नालुबेगानं विचारलं, ‘हे कोपर कुणाचं?’ मी म्हटलं, असेल कुणाचं तरी.

असो. समारंभाला ये. गाडी पाठवीन, मुक्कामाला माझ्याकडेच राहा. मका-राजमा शिजवून घालीन, तुला आवडतो तसा करपवून. नक्की ये.

तुझी जुनी मैत्रीण,
गात्विरी

*

नान्युकी,
१२ सप्टेंबर

गात्विरी,

पत्र पोचलं. नऊ देशांबद्दल अभिनंदन.

चार पानं लिहिलीस. गाईचा कान आहे, सैनिकाची बंदूक आहे, झग्याचं कापड आहे. माझी आई नाही.

मी तुझ्या दारात उभी राहून एकच गोष्ट मागितली होती. पुडकं तू उघडलंस, एवढं आपल्या मॅनेजरांना, मबाबूसाहेबांना सांग. तू म्हणालीस, मला आठवत नाही. तेव्हा तू सव्वीस वर्षांची होतीस. आता म्हातारपणी स्मरणशक्ती सुधारली असेल तर कळव.

मी येणार नाही. शुक्रवारी माझ्याकडे भिशी असते. तीस बायका माझ्या हातात पैसे देतात आणि मागे वळून न बघता घरी जातात. त्यांना चुकवून मी कुठे जात नाही.

ते कोपर माझं आहे. डॉक्टरबाईंना सांग.

कागेंडो

*

नैरोबी,
६ ऑक्टोबर २०१९

प्रिय कागेंडो,

हो. पुडकं मी उघडलं होतं. मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं.

हे पहिल्या ओळीत लिहिलं, कारण गेल्या तीन आठवड्यांत एवढं काही घडलंय की मी पुन्हा भलत्याच गोष्टीत शिरेन. खूप दिवसांनी धावून आल्यासारखं वाटतंय. तू रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र मी घेऊन गेले ते थेट नालुबेगाकडे. म्हटलं, ‘बाई, ते रेकॉर्डिंगचं यंत्र चालू करा. ते कोपर कागेंडोचं आहे.’ आणि सांगितलं. जसं तिला सांगितलं, मग संचालक मंडळाला सांगितलं, तसंच तुला लिहिते. तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे. तरी वाच, आणि एक शब्द इकडेतिकडे झाला असेल तर खाली रेघ मार.

नैरोबीत बँका बुडाल्याची बातमी आली होती. गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी सातलाच रांग चर्चच्या फाटकापर्यंत गेली होती. मबाबूसाहेब पैसे आणायला पिकअप घेऊन मेरूला गेले, दुपारपर्यंत येतो म्हणाले. खिडकीत आपण दोघीच. तू पैसे द्यायचे, मी पावत्या लिहायच्या. गल्ल्यात तासाभराचेच पैसे होते. तू प्रत्येकाचे पैसे दोनदा मोजत होतीस, नाणी मुद्दाम खाली पाडत होतीस, आणि एक म्हातारा ओरडला, ‘ही पोरगी मोजतेय की नोटांना न्हाऊ घालतेय?’ तरी नऊ वाजता गल्ल्याचा तळ दिसायला लागला.

तेव्हा तू मला मागच्या खोलीत ओढलंस. म्हणालीस, ‘ही माणसं पैशांना घाबरलेली नाहीत, एकमेकांना घाबरलीयेत. एक जरी उलटा चालला तर सगळे थांबतील. मोजशील का?’ मी म्हटलं, ‘काय मोजू?’ तू म्हणालीस, ‘जे हातात येईल ते.’ मी म्हटलं, मोजेन. हे मी म्हटलं होतं, कागेंडो. कल्पना तुझी, पण होकार माझा.

तू मागच्या दारानं बाजारात, आईच्या केळ्यांच्या दुकानाकडे पळालीस. अर्ध्या तासानं तू मागून परत खिडकीत आलीस, आणि समोरून ती आली! कमरेला लेसोचं रंगीत कापड गुंडाळलेली, डोक्यावर दुसऱ्या लेसोत बांधलेलं पुडकं, आणि दोन्ही कोपरांनी गर्दी कापत.

‘सरका रे, सरका! पाय द्याल माझ्या पैशांवर.’

‘मावशी, रांग मागे आहे,’ कुणीतरी ओरडलं.

‘ती काढणाऱ्यांची. मला भरायचेत.’

‘भरायचेत? अगं, संस्था बुडतेय, ऐकलं नाहीस?’

‘कोण म्हणतो? तू? गेल्या वर्षी तुझ्या घरावर पत्रे चढले ते कुणामुळे? याच खिडकीमुळे. त्याच पत्र्याखाली बसून म्हणतोस संस्था बुडतेय! काढा बाबांनो, काढा सगळे. गादीखाली ठेवा. उंदराला शंभराची नोट वाचता येत नसली तरी खाता येते.’

लोक हसले. मला तो हशा अजून ऐकू येतो. तासाभरापूर्वी हेच लोक दार उखडायला निघाले होते.

तिनं पुडकं माझ्या पुढ्यात आदळलं. मी ते फळीच्या आड उघडलं. वर एक खरी नोट, तुझ्या पाकिटातली, खाली एक खरी, आणि मधे नोटांच्या मापात कापलेली केळीची वाळकी पानं. तुझ्या आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. मी मोजायला लागले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. शंभर. दोनशे. तीनशे. पानं कुरकुरत होती आणि मी आवाज चढवत होते. ‘चार हजार!’ पावती लिहिली, शिक्का मारला. तिनं पावती उंच धरली, सगळ्यांना दाखवली, आणि जाता जाता म्हणाली, ‘पोरींनो, माझे पैसे नीट सांभाळा हं, नाहीतर मी आहे आणि तुम्ही आहात.’

तो म्हातारा पहिल्यांदा रांगेतून बाहेर पडला. ‘घरी गाय दोहायची राहिलीये,’ म्हणाला. मग दोघं. मग दहा. बारा वाजता मबाबूसाहेब पोती घेऊन आले तेव्हा रांग खिडकीपासून जेमतेम दारापर्यंत होती, आणि वर्तमानपत्राचा माणूस माझा फोटो काढत होता.

एवढं आपल्या दोघींचं. पुढचं माझं एकटीचं.

त्या संध्याकाळी पावती रद्द करायची असं ठरलं होतं. पण साहेबांनी वह्या स्वतः कुलूपबंद केल्या, सकाळी नैरोबीची माणसं तपासायला येणार होती म्हणून. दोन आठवड्यांनी, त्या दोन खऱ्या नोटा सोडून, तीन हजार आठशे कमी निघाले. गल्ला तुझा, किल्ली तुझी. तू खरं ते सांगितलंस. साहेबांनी मला बोलावून विचारलं, ‘पुडकं तू उघडलंस?’ मी म्हटलं, ‘मी पावती लिहिली. पैसे कागेंडोनं आत ठेवले.’

हे एक वाक्य. त्या वाक्यावर तुला काढलं आणि मला बढती मिळाली.

तेव्हा किरिमी माझ्या पोटात होता, चौथा महिना, आणि लग्न झालेलं नव्हतं. नोकरी गेली असती तर घरातूनही गेले असते. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा काय होतं एवढंच सांगते. तुझ्याही घरी दोन भाऊ शिकत होते, हे मला ठाऊक होतं. तुझ्या आईला बाजारात लोक ‘चोरणीची आई’ म्हणायला लागले, तिनं केळ्यांचं दुकान उठवलं, हेही ठाऊक होतं. ती गेली तेव्हा मी ऑफिसच्या शिपायाबरोबर फुलं पाठवली. स्वतः आले नाही.

नालुबेगानं सगळं टिपून घेतलं. मी संपवल्यावर तिनं विचारलं, ‘याला दुसरा साक्षीदार आहे?’

म्हणून मी न्कुबूला गेले, मबाबूसाहेबांकडे. एक्याण्णव वर्षांचे झालेत, ओसरीत उन्हाला बसतात, चहा बशीतून पितात. मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. वाटलं, हा धक्का त्यांना सोसेल का. ते बशी खाली ठेवून म्हणाले, ‘मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कचऱ्याच्या डब्यात पानं होती. सरळ कडा कापलेली.’

कागेंडो, मी उठून उभीच राहिले. ‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘दोघींना काढलं असतं तर खिडकीत कोण बसलं असतं? आणि पानांवर संस्था तरली असं बाहेर फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं असतं. एका पोरीला चोर ठरवणं स्वस्त पडलं.’ मग त्यांनी बशी उचलली आणि न पिताच परत ठेवली. ‘स्वस्त पडलं असं वाटलं,’ ते म्हणाले. ‘कागद आण. हात चालतोय तोवर सही करून देतो.’

तो कागद मी पिशवीत घातला आणि मटाटूच्या मिनीबसमध्ये पिशवी पोटाशी धरून नैरोबीपर्यंत आले. शेजारच्या बाईला वाटलं, आत तान्हं मूल आहे.

आता मंडळाची बैठक. काय सांगू! बारा माणसं, तेवढ्याच पाण्याच्या बाटल्या. वकीलसाहेब तर खुर्चीतून उडाले. ‘शेअर बाजारात यायच्या दोन आठवडे आधी आपण छापायचं की संस्था वाळक्या पानांवर तरली? खोटी पावती होती ती!’

मी म्हटलं, ‘होय, खोटी होती. माझ्या हातची. म्हणून मी बोलतेय. खोटं छापायचंच असेल तर सध्याचं चौथं प्रकरण तयार आहे, तेच छापा. पण माझा फोटो काढून टाका, आणि घंटेला दुसरा हात शोधा.’

मग मुरुंगीसाहेब, आमचे मुख्याधिकारी, परदेशात शिकलेला माणूस, आवाज कधी चढवत नाही, ते टाय सैल करत म्हणाले, ‘माझे वडील त्या रांगेत होते.’

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

‘आमच्या घरी सांगतात, एक केळीवाली ओरडली म्हणून ते पैसे न काढता परतले. त्याच पैशांवर मी शाळेत गेलो. ती बाई कोण, कुणालाच माहीत नव्हतं. आई तिला देवदूत म्हणायची.’ ते माझ्याकडे वळले. ‘तिला नाव होतं?’

मी तुझ्या आईचं नाव घेतलं. त्या गुळगुळीत भिंतींच्या खोलीत, नवव्या मजल्यावर, मोठ्यानं घेतलं.

‘छापा,’ साहेब म्हणाले. वकील काहीतरी कलमं सांगत होते, त्यांना म्हणाले, ‘ती कलमं पुस्तकात तळटीप म्हणून घाला.’

नवं चौथं प्रकरण लिहून झालंय! नालुबेगानं दोन रात्री जागून लिहिलं. त्यात तू आहेस, तुझी आई आहे, तिचं उंदराचं वाक्य जसंच्या तसं आहे, मबाबूसाहेबांची सही आहे, आणि माझं ते एक वाक्यही आहे, माझ्या नावानिशी. फोटोत आता पूर्ण चौकट छापणार, वर्तमानपत्राच्या जुन्या निगेटिव्हवरून मिळवली. तू माझ्याकडे बघतेयस त्यात, दात काढून हसतेयस. तुझ्या बडतर्फीचा हुकूम मंडळानं रद्द केला, तसं पत्र साहेब तुला वेगळं लिहितील. आणखीही काही लिहितील, ते तू आणि तुझी मुलं बघा.

घंटा मी सोडली. साहेबांनी विचारलंय, कागेंडो वाजवतील का. शुक्रवारीच आहे ती, तुझ्या भिशीच्या दिवशी. म्हटलं तर त्या तीसही बायकांना गाडी पाठवू, त्यांनी इथेच भिशी करावी! मी त्यांना म्हटलं, मी विचारीन, पण आग्रह करणार नाही. तेवढा हक्क माझा राहिलेला नाही.

छापखाना तुझ्या सहीसाठी थांबलाय. तू नको म्हणालीस तर पान कोरं ठेवतील, जुनं छापणार नाहीत. हे मी लिहून घेतलंय.

एक शेवटचं. काल परत न्कुबूला गेले होते. तुझ्या आईच्या थडग्यापाशी. मुथुरी शेजारी रताळी काढत होता, त्यानं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मी ते प्रकरण उभ्यानं वाचायला लागले. हलक्या आवाजात दुसऱ्या पानापर्यंत आले. मुथुरी कुदळ न थांबवता म्हणाला, ‘मोठ्यानं वाच. शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं.’

मी पहिल्यापासून वाचलं. मोठ्यानं.

शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं नान्युकीला येतेय, पानं घेऊन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर पानं कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपरावर ठेवून परत जाईन. माफीचं या पत्रात लिहीत नाही. ते तोंडासमोर उभं राहून म्हणायचं असतं, आणि या गोष्टीवरून मी एकदाच तुझ्या तोंडासमोर उभी राहिले तेव्हा खोटं बोलले.

तेहेतीस वर्षं तुझ्या जागेवर बसलेली,
गात्विरी